औसेकर मॅडम म्हणल्या

पांगरखेड्याच्या शाळेला खेळाचा शिक्षक कधी मिळालाच नव्हता. धम्मप्रिया सोनकांबळे तिथं मराठी आणि इतिहास शिकवायला आली आणि पहिल्याच वर्षी तिनं खो-खो अंगावर घेतला. शाळेमागं वेड्या बाभळींनी भरलेला माळ होता. तिनं पोरींना हाताशी धरून तो साफ केला, दगड वेचले, गावातल्या सुताराच्या मागं लागून दोन खांब तासून घेतले आणि स्वतः पहार चालवून ते रोवले. कंधारहून ती पहिल्या एसटीनं यायची आणि शेवटच्या एसटीनं परत जायची. तिला बघायला पाहुणे आले, त्या रविवारीही ती मैदानावरच होती. पाहुणे चहा पिऊन निघून गेले. आई सरजाबाई संध्याकाळी लेकीवर उखडली.

"बाबासायबांनी शिका म्हणून सांगितलं होतं. पळा म्हणून कुठं सांगितलं?"

धम्मप्रिया हसली, पण तिच्या डोक्यात हिशेब पक्का होता. पांगरखेड्यात पोरी आठवी-नववीपर्यंत यायच्या आणि मग एकेक करून वर्गातून गळायच्या. कुणाचं लग्न जमायचं, कुणी मायबापाबरोबर ऊसतोडीला जायची. राज्यापर्यंत खेळून आलेल्या पोरीला मात्र कुणी सहजासहजी घरी बसवत नाही. ती स्वतः विद्यापीठाच्या संघात खेळली होती म्हणूनच तिच्या वडिलांनी तिचं बी.एड. होऊ दिलं होतं. आपल्या पोरींचा संघ राज्यस्पर्धेला न्यायचा, एवढं एकच तिच्या मनात होतं. नाव छापून यावं म्हणून नाही. बाराच्या बारा पोरी बारावीपर्यंत शाळेत टिकाव्यात म्हणून.

त्यातली शिवगंगा सगळ्यांत वेगळी होती. फाट्यावर पंक्चर काढणाऱ्या शिवलिंगची ही पोरगी आठवीत होती, काटकुळी, लांब हातापायांची. ती पळायला उतरली की पाठलाग करणाऱ्या पोरी रडकुंडीला यायच्या. हात लागला लागला म्हणेपर्यंत ती कमरेतून वाकून निसटलेली असायची. धम्मप्रियानं तिच्यावर जीव लावला. सामन्याआधी तिच्या दोन घट्ट वेण्या ती स्वतः घालायची. खो-खोतलं जे काही आपल्याला येतं ते सगळं हिच्यात ओतायचं, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

तिसऱ्या वर्षी नांदेडला जिल्हास्पर्धेत पांगरखेड्याचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. तिथं लातूरहून पंच म्हणून राजश्री औसेकर आली होती.

राजश्री आणि धम्मप्रिया विद्यापीठाच्या संघात बचावाच्या तिघींच्या एकाच तुकडीत पळायच्या. नंतर राज्याच्या संघाची निवड झाली तेव्हा राजश्री पुढं गेली आणि धम्मप्रिया राखीव खेळाडूंत राहिली. राजश्रीचे वडील लातुरात प्राध्यापक. तिला पहाटे मैदानावर सोडायला स्कूटर असायची, घरी आल्यावर गरम दूध असायचं. धम्मप्रियाला त्याचा राग नव्हता, निदान तसं ती स्वतःला सांगायची. खरी अडचण अशी होती की राजश्री स्वभावानंही चांगली होती. तिच्यात खोट काढायला जागाच नव्हती. आता ती लातूरच्या एका निवासी शाळेत प्रशिक्षक होती.

जेवणाच्या सुट्टीत राजश्रीनं शिवगंगाला हाक मारली. दोघी खांबाजवळ थोडा वेळ बोलत उभ्या राहिल्या. राजश्रीनं पाठलाग करणारी होऊन दोन-चार वेळा अंगावर धाव घेतली, शिवगंगानं हुलकावण्या दिल्या. एवढंच.

अंतिम सामन्यात शिवगंगा अशी पळाली की समोरच्या संघाला ती शेवटपर्यंत सापडलीच नाही. पांगरखेडा जिल्ह्यात पहिला आला. पोरींनी धम्मप्रियाला उचललं, गुलाल लावला. परतीच्या एसटीत शिवगंगा तिच्या शेजारी बसली होती. डोळे नुसते चमकत होते.

"मॅडम, औसेकर मॅडम म्हणल्या, पाठलाग करणारीच्या पायाकडं बघायचंच न्हाई. खांद्याकडं बघायचं. खांदा आधी वळतो. म्हणून मी आज सापडले न्हाई."

धम्मप्रियाच्या हातावरचा गुलाल अजून ओला होता. "असं का?" ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

त्या दिवसापासून मैदानावर हेच सुरू झालं. सूर मारायला शिकवावं तर, "औसेकर मॅडम म्हणल्या, छातीवर न्हाई, कुशीवर पडायचं." पळायच्या आधी पाणी पिऊ नको म्हणावं तर, "औसेकर मॅडम म्हणल्या, घोट घोट प्यायचं." राजश्री शिवलिंगच्या मोबाईलवर सामन्यांचे व्हिडिओ पाठवायची आणि शिवगंगा सगळ्या पोरींना गोळा करून ते दाखवायची. राजश्रीनं काही चोरून केलं नव्हतं. पहिला व्हिडिओ पाठवायच्या आधी तिनं धम्मप्रियाला फोन करून विचारलं होतं, "चालेल ना प्रिया? पोरगी सोनं आहे गं." आणि धम्मप्रिया "अगं, चालेल की" म्हणाली होती. नाही कशाच्या आधारावर म्हणणार?

एका सकाळी शिवगंगा दोन वेण्यांऐवजी डोक्यावर उंच एकच अंबाडा बांधून आली. राजश्री बांधते तसा.

"वेण्या का नाही घातल्या?"

"अशानं मानेला लागत न्हाई मॅडम. सोपं पडतं."

धम्मप्रियानं त्या दिवशी तिला मैदानाला जास्तीच्या फेऱ्या मारायला लावल्या. कारण विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. फेऱ्या मारताना तो अंबाडा वरखाली होत होता आणि तो तिला खुपत होता. आपण तीन वर्षं घासलं, आणि राजश्रीनं पाच मिनिटांत पोरगी नेली, हा विचार तिला फळ्यावर लिहितानाही सुटत नव्हता. आपण शिकवलेलं पोरीच्या अंगात इतकं मुरलंय की ते कुणी शिकवलं हे तिला आठवतही नाही, आणि राजश्रीचं एक वाक्य मात्र नावासकट लक्षात राहतं. वर्गात कुणी राजश्री नावाचा उच्चार केला तरी तिच्या कपाळावर आठी चढायची.

विभागीय स्पर्धा लातूरला होत्या. जिंकणारा संघ थेट राज्याला जाणार होता. अहमदपूर मागं पडलं, चाकूर आलं, तशा पोरी खिडक्यांतून डोकावू लागल्या. बहुतेकींनी लातूर पाहिलंच नव्हतं. शिवगंगा मात्र स्टेडियम कसं आहे, मॅट कसली असते, हे सगळ्यांना सांगत सुटली होती. तिनं तरी कुठं पाहिलं होतं? सगळं व्हिडिओतलं. धम्मप्रिया पुढच्या सीटवर बसून ऐकत होती.

पहिले दोन सामने पांगरखेड्यानं जिंकले. दुसऱ्या सामन्यात शेवटी शिवगंगाचा पाय मुरगळला. ती लंगडत बाहेर आली. धम्मप्रियानं बाम चोळला, पाय हलवून पाहिला. सूज नव्हती. तासाभरानं अंतिम सामना होता आणि समोर लातूरचाच संघ होता, राजश्रीच्या शाळेचा.

धम्मप्रिया पोरींसाठी केळी आणायला गेली. परत आली तर शिवगंगा जागेवर नव्हती.

"लातूरवाल्यांच्या मंडपात गेली," सिंधु म्हणाली. सिंधु संघाची कर्णधार होती, अबोल आणि कष्टाळू.

धम्मप्रिया तिकडं गेली. मंडपात राजश्री जमिनीवर मांडी घालून बसली होती. शिवगंगाचा पाय तिच्या मांडीवर होता आणि ती घोट्याला पट्टी गुंडाळत होती. ज्या संघाविरुद्ध तासाभरात खेळायचं त्याच संघाच्या पोरी भोवती बसून हसत होत्या.

"बघ, आता उडी मार," राजश्री म्हणाली.

शिवगंगानं उडी मारली, मग दुसरी. "कायबी दुखत न्हाई, ताई."

ताई. धम्मप्रिया मंडपाच्या दोरीपाशीच थांबली. तीन वर्षं ही पोरगी आपल्याला मॅडम म्हणतेय, आणि हिला ताई.

राजश्रीचं लक्ष गेलं. "ये ना प्रिया. घोटा ठणठणीत आहे बघ. माझ्या पोरींना मी सांगून ठेवलंय, बाकीच्यांच्या मागं लागा, ही काही तुम्हाला सापडायची नाही." ती मोकळेपणानं हसली.

"शिवगंगा, चल," धम्मप्रिया एवढंच म्हणाली.

आपल्या मंडपात आल्यावर संघाची नावं वाचताना तिनं शिवगंगाचं नाव राखीव पोरींत घेतलं. पोरी एकमेकींकडं बघू लागल्या.

"मॅडम, मी?" शिवगंगानं विचारलं.

"तुझा पाय मुरगळलाय."

"बरा हाय मॅडम. बगा ना." तिनं तिथल्या तिथं उड्या मारून दाखवल्या.

"खेळताना पुन्हा मुरगळला तर जन्माचं दुखणं होईल. मी जोखीम घेणार नाही." तिचा आवाज इतका शांत होता की पोरींना ते खरंच वाटलं. क्षणभर तिला स्वतःलाही वाटलं.

सामना सुरू झाला. पांगरखेड्याच्या पोरी जिवाच्या आकांतानं खेळल्या. सिंधुनं एकेक सूर असा मारला की दोन्ही कोपरं सोलून निघाली. पण बचावात तिसरी पोरगी टिकत नव्हती. शिवगंगाच्या जागी उतरवलेली पोरगी प्रत्येक वेळी लगेच बाद व्हायची. मध्यंतरात सिंधु धापा टाकत आली. "मॅडम, शिवगंगाला उतरवा ना आता."

बाकावर शिवगंगा हात मांडीखाली दाबून बसली होती. ती विनवणी करत नव्हती. ती फक्त धम्मप्रियाच्या तोंडाकडं बघत होती. त्या वेळी धम्मप्रियानं होय म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. पण समोरच्या बाजूला राजश्री उभी होती आणि तीही शिवगंगाकडंच बघत होती.

"नाही," धम्मप्रिया म्हणाली.

पांगरखेडा एका गुणानं हरला.

पोरी मैदानावरच बसून रडल्या. शिवगंगा रडली नाही. राजश्री आपल्या संघाचा जल्लोष सोडून आली आणि तिनं धम्मप्रियाला बाजूला घेतलं.

"पायाचं काय झालं? मी स्वतः पाहिला होता तो."

"पुन्हा दुखायला लागला."

राजश्रीनं तिच्याकडं नीट पाहिलं. तिला कळलं होतं. पण ती भांडली नाही, हेच धम्मप्रियाला जास्त झोंबलं. "प्रिया, तिला माझ्याकडं पाठव. वसतिगृह आहे, मॅट आहे. तू घडवलंयस, पुढचं मी बघते."

"माझी पोरगी माझ्याकडंच राहील," धम्मप्रिया म्हणाली.

परतीच्या एसटीत शिवगंगा पुढं ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर एकटी बसली. लोहा गेल्यावर ती उठून मागं आली, दांडीला धरून उभी राहिली.

"माझा पाय दुखत नव्हता मॅडम. तुमाला म्हाईत होतं." आणि उत्तराची वाट न बघता परत जाऊन बसली.

त्यानंतर ती मैदानावर आली नाही. वर्गात यायची, शेवटच्या बाकावर बसायची, विचारलं तेवढं उत्तर द्यायची. केस कसेही बांधलेले असायचे. पोरींचा सराव सुरू होता, पण त्यात जीव नव्हता. आठवड्यानं शिवलिंग शाळेत आला. ग्रीसनं काळे झालेले हात तो मागं धरून उभा राहिला.

"मॅडम, पोरगी ग्राउंडला जाईना. इचारलं तर बोलंना. तिचं काई चुकलं का?"

"तिचं काही चुकलं नाही," धम्मप्रिया म्हणाली.

त्या दिवशी तिनं तास कसेबसे घेतले. शाळा सुटल्यावर ती मैदानाकडं न जाता शिवलिंगच्या घरी गेली. शिवगंगाची आई केवळाबाई अंगणात तूर पाखडत होती. शिवगंगा उंबऱ्यात पुस्तक घेऊन बसली होती. मॅडमला पाहून ती उठली, पण पुढं आली नाही.

धम्मप्रिया उभ्यानंच बोलली. बसली असती तर धीर सुटला असता.

"शिवगंगा, तुझा पाय बरा होता. मला माहीत होतं. मी तुला मुद्दाम बसवलं."

केवळाबाईच्या हातातलं सूप थांबलं.

"काहून?" शिवगंगानं विचारलं.

"मला राजश्रीचा हेवा वाटला. तू सारखं तिचं नाव घ्यायचीस. त्या दिवशी तू तिला ताई म्हणालीस, ते मला सहन झालं नाही."

शिवगंगा बघतच राहिली. "त्यांच्या सगळ्या पोरी ताईच म्हणतात त्यांना. म्हणून मी म्हणलं." मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. "एवढ्यासाठी? मॅडम, आपल्या सगळ्या पोरी हरल्या. सिंधुची कोपरं फुटली. एवढ्यासाठी?"

"हो."

शिवगंगा आत निघून गेली. दार लोटल्याचा आवाज आला. धम्मप्रिया जायला वळली, तशी केवळाबाई म्हणाली, "बसा मॅडम."

"नको."

"बसा म्हणते ना." तिनं पोतं पुढं सरकवलं. धम्मप्रिया बसली. केवळाबाई बराच वेळ तुरीतले खडे वेचत राहिली. मग खाली बघतच बोलू लागली.

"एक सांगते, राग मानू नका. तीन साल झाले. ही घरात पाय टाकते आन मॅडम सुरू होतं. मॅडम म्हणल्या दूध पी. मॅडम म्हणल्या ओरडून बोलू नको. मी सांगितलं तर ऐकणार न्हाई, तेच तुमी सांगितलं की लगेच. ताप आला तरी मॅडमला बोलवा म्हणायची. मी जन्माला घातली न् मलाच परकी झाली. लई जळायचं मला. एकदा वाटलं, जाऊन तुमचे ते खांबच उपटून चुलीत घालावे."

धम्मप्रिया तिच्याकडं बघत राहिली. या बाईनं कधी चेहऱ्यावर दिसू दिलं नव्हतं. रस्त्यात भेटली की हात जोडायची. "मग?" तिनं विचारलं.

"मंग काय? भाकर बांधून दिली, धाडलं ग्राउंडला. पोरीचं भलं होऊन राहिलं, ते दिसत होतं ना." केवळाबाईनं सूप उचललं. "तुमी शिकलेल्या. तुमाला मी काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी धम्मप्रियानं मैदानावर सगळ्या पोरींना बसवून खरं काय ते सांगितलं. सिंधुनं कोपरावरची खपली चाचपली.

"म्हणजे माझी कोपरं उगंच फुटली म्हणा," ती म्हणाली आणि उठून घरी गेली. तिच्यामागं आणखी काहीजणी गेल्या. काही दिवस सरावाला अर्ध्याच पोरी यायच्या. धम्मप्रिया तेवढ्यांना घेऊन खेळवायची आणि बाकीच्यांच्या घरी जाऊन बसायची. समजूत घालायला नाही. ऐकून घ्यायला. सिंधु सगळ्यांत शेवटी आली. आली ती थेट दोन खांबांमधल्या पाटीवर जाऊन बसली, पहिल्या जागेवर, पाठलागाच्या तयारीत.

राजश्रीला फोन करायला धम्मप्रियाला सगळ्यांत जास्त दिवस लागले.

"शिवगंगाला घेतेस का?"

"तू पाठवतेस?"

"हो. अंतिम सामन्यात मी तिला का बसवलं, हे तुला कळलंच होतं."

"कळलं होतं," राजश्री म्हणाली. "प्रिया, तिचा पाया तुझा आहे. मी नुसती वरची माती लावली."

तिचं हे मोठं मनही धम्मप्रियाला टोचलंच. पण तिनं फोन ठेवला नाही. वसतिगृहात काय काय लागतं ते सगळं नीट विचारून घेतलं.

जूनमध्ये शिवलिंग आणि धम्मप्रिया शिवगंगाला लातूरला सोडायला गेले. निघताना शिवगंगा दोघांच्या पाया पडली. अजूनही ती धम्मप्रियाशी मोजकंच बोलत होती. फाटकाशी आल्यावर मात्र म्हणाली, "मॅडम, सिंधुला बचावात घ्या. ती पाठलागातच अडकलीय. तिला पळता येतं." आणि वळून आत गेली. तिला न्यायला राजश्री पायऱ्यांवर उभीच होती. धम्मप्रिया पटकन शिवलिंगच्या पिशवीकडं बघू लागली.

पुढच्या वर्षी विभागीय स्पर्धा नांदेडला भरल्या आणि अंतिम सामना पुन्हा पांगरखेडा आणि लातूर असाच आला. आता शिवगंगा पलीकडून खेळत होती. ती उंच झाली होती आणि पळताना पूर्वीपेक्षा कितीतरी कमी धडपडत होती. धम्मप्रियाच्या पोरींना ती सापडेना. धम्मप्रियाचे डोळे तिच्यावरून हलत नव्हते. हे वळण माझं, हे नाही. ही हुलकावणी माझी, ही तिची. तिला वेगळं काढताच येईना.

दुसऱ्या डावात तिनं सिंधुला जवळ बोलावलं. "दमली की ती खांबाजवळ डावीकडंच वळते. पहिल्यापासून. माझ्यानं ती खोड मोडली नाही. खांदा कुठंही वळू दे, तू डावीकडं सूर मार."

सिंधुनं मारला. शिवगंगाच्या पाठीला तिची बोटं लागली, पंचांची शिट्टी वाजली आणि पांगरखेड्याच्या पोरी किंचाळल्या. धम्मप्रियाही उठून ओरडली. बाद होऊन बाहेर निघालेली पोरगीही तिचीच होती.

तरी लातूरच जिंकलं. शिवगंगा राज्याला निघाली. बक्षिसं झाल्यावर ती धावत आली.

"डावीकडचं सिंधुला तुमीच सांगितलं ना?"

"हो."

"मला वाटलंच." ती हसली, वर्षभरात पहिल्यांदा मनापासून. "ताईंना बी अजून दिसलं न्हाई ते." तेवढ्यात पलीकडून राजश्रीनं हाक मारली आणि ती गेली.

धम्मप्रिया तिच्याकडं बघत राहिली. शेजारी सिंधु बाटलीतलं पाणी घोट घोट पीत होती. तिनं बाटली बंद केली आणि चाचरत म्हणाली, "मॅडम, एक इचारू? मला बी जायचंय लातूरला. घेतील का मला?"

धम्मप्रियानं तिच्याकडं पाहिलं. तोंडाशी "आपल्या संघाचं काय" असं आलं होतं. तिनं ते गिळलं. सिंधु मान खाली घालून बाटलीचं झाकण फिरवत होती.

"चल," ती म्हणाली. "आत्ताच विचारू तिला. त्यांची गाडी निघायच्या आत."

आणि सिंधुचा हात धरून ती मैदान ओलांडून लातूरच्या मंडपाकडं चालू लागली.